दुरुस्तीचं टेबल बंद करू नका : गोलकीपरच्या पॅडची शंभर वर्षांची गोष्ट



रविवारच्या व्हिडिओत मी आइस हॉकीच्या गोलकीपरच्या पॅडचे फोटो दाखवले आणि घाईघाईत दोन मिनिटांत विषय संपवला. व्हिडिओ बारा मिनिटांच्या आत ठेवायचा असतो, त्यामुळे अर्धी गोष्ट राहूनच गेली. ती आज इथे निवांत सांगते. चहा घेऊन बसा.

विषय निघाला तो आमच्या मागच्या बॅचमधल्या एका मुलामुळे. वय चोवीस. वडिलांचं टू-व्हीलरच्या सीट कव्हरचं दुकान, पंचवीस वर्षं जुनं. मुलगा मला म्हणाला, "ताई, या धंद्यात आता काही राहिलं नाही. हे बंद करतो, आठ लाखांचं कर्ज काढतो आणि चहाची फ्रँचायझी घेतो." वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. बोटाला लागलेला सोल्युशनचा डाग खरवडत राहिले.

मी त्याला हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. कॅनडातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. आणि माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: नवीन आयडिया शोधण्यात दोन वर्षं घालवू नका. तुमच्या दुकानात दुरुस्तीला काय येतंय ते आधी बघा.

सुरुवात झाली आपल्या क्रिकेटच्या पॅडपासून

तुम्ही म्हणाल, कराडमध्ये बसून मॅडम आइस हॉकीचं काय सांगतायत! तर माझं दुकान स्पोर्ट्सचं. क्रिकेटचे पॅड विकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि आइस हॉकीच्या पॅडची गोष्ट क्रिकेटच्या पॅडपासूनच सुरू होते.

आइस हॉकीत बॉल नसतो. पक असतो, म्हणजे कडक रबराची चकती. ३ इंच व्यास, १ इंच जाडी आणि वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. आपला क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे वजन जवळपास तेवढंच! आजचे मोठे खेळाडू हा पक ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने मारतात. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, आणि त्याच्यासमोर एकटा गोलकीपर.

सुरुवातीच्या काळात गोलकीपरसाठी वेगळा पॅड असा नव्हताच. १४ फेब्रुवारी १८९६ ला स्टॅनले कपचा एक सामना झाला. विनिपेग व्हिक्टोरियाज विरुद्ध मॉन्ट्रियल व्हिक्टोरियाज. विनिपेगचा गोलकीपर व्हाइटी मेरिट पायाला पांढरे क्रिकेटचे पॅड बांधून उतरला. विनिपेगने सामना २-० ने जिंकला. पुढची पंचवीस-तीस वर्षं हेच चालू राहिलं. क्रिकेटचे पॅड घ्या, बांधा, उभे राहा.

आता गंमत बघा. क्रिकेटचा पॅड वाईट होता का? अजिबात नाही. पण तो बॅट्समनसाठी बनवलेला होता. बॅट्समनला नडगी वाचवायची असते. पॅडला लागून बॉल डावीकडे गेला काय, उजवीकडे गेला काय, पाय शाबूत राहिला की काम झालं. म्हणून तो पायाला लपेटलेला, गोलसर.

गोलकीपरचं काम वेगळं. त्याला पाय वाचवायचाच आहे, पण त्याहून जास्त गोल वाचवायचा आहे. गोलसर पॅडला लागलेला पक सटकायचा आणि कधी कधी सरळ मागे जाळ्यात! पाय वाचला, गोल झाला.

माल चांगला, पण दुसऱ्याच कामासाठी बनवलेला. तुमच्या आजूबाजूला असा किती माल विकला जातोय, जरा आठवून बघा. गिऱ्हाईक तो घेतं, कारण दुसरं काही मिळत नाही.

साज शिवणारा माणूस

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात एमिल केनेस्की नावाचा कारागीर होता. लोक त्याला 'पॉप' केनेस्की म्हणत. धंदा घोड्याचा साज शिवण्याचा. चामडं कापणं, जाड सुईने शिवणं, आत भरण भरणं यावर त्याचा हात बसलेला. पण काळ बघा कोणता. १९२० चं दशक. रस्त्यावर मोटारी वाढतायत, घोडे कमी होतायत. साज शिवणाऱ्याचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

या माणसाकडे गोलकीपरचे फाटलेले पॅड दुरुस्तीला येऊ लागले. साहजिकच आहे. चामड्यावर जाड शिवण घालणं हा त्याचा धंदाच. शिवता शिवता त्याच्या लक्षात आलं की पॅड फाटतोय ही एक तक्रार झाली, पण खरी अडचण पॅडच्या आकारात आहे.

मग त्याने पॅडचा पुढचा भाग रुंद आणि सपाट केला. बाहेरच्या कडेला चामड्याची उंच गुंडाळी ठेवली, म्हणजे पक बाजूने सटकणार नाही, पुढ्यातच पडेल. आत हरणाचे केस आणि कापोक भरलं. कापोक म्हणजे आपण उशीत भरतो त्या सावरीच्या कापसाचाच भाऊबंद. वरून घोड्याचं चामडं. १९२४ च्या सुमारास हॅमिल्टन टायगर्सचा गोलकीपर जेक फोर्ब्स हे पॅड घालून खेळला. त्यानंतर कित्येक वर्षं मोठमोठ्या गोलकीपरच्या पायात केनेस्कीचेच पॅड होते. मूळचा क्रिकेटचा पॅड आइस हॉकीतून हद्दपार झाला, आणि तो केला साज शिवणाऱ्या एका कारागिराने.

इथे थांबा आणि त्याने काय काय बदललं नाही ते मोजा. सुई तीच. चामडं तेच. भरण भरायची कला तीच. दुकान तेच. बदललं फक्त गिऱ्हाईक. आधी घोडेवाला होता, आता गोलकीपर आला.

आपल्याकडे 'धंदा बदल' म्हटलं की पोरं सगळंच बदलायला निघतात. शटर, बोर्ड, माल, गाव, सगळं. हातातली कला टाकून देतात आणि ज्या कामात हात बसलेला नाही त्यात कर्ज काढून उतरतात. माझा आक्षेप इथे आहे.

माझी चूक, तुम्ही करू नका

उपदेश करणं सोपं असतं. म्हणून माझंही सांगते.

दुकान मूळचं माझ्या सासऱ्यांचं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. काउंटरच्या टोकाला त्यांचं एक छोटं टेबल होतं. बॅटला ग्रिप चढव, पॅडचे पट्टे शिव, ग्लोव्हजची उसवलेली बोटं जोड. मी लग्न होऊन आले, बीबीए झालेली, डोक्यात मार्जिन आणि आरओआय! हिशेब मांडला: एक पट्टा शिवायला २० मिनिटं, मिळतात ४० रुपये. तेवढ्या जागेत शूजचा रॅक लावला तर? दादा म्हणाले, "बघ बाई, तुझं शिक्षण आहे." टेबल माळ्यावर गेलं.

त्याच वर्षी एका ठोक व्यापाऱ्याकडून मी जुन्या पद्धतीच्या जड पॅडच्या ४० जोड्या स्वस्तात उचलल्या. तो म्हणाला, "हा माल कधी मरत नाही." मला खरं वाटलं. हलके फोमचे पॅड तोपर्यंत सगळीकडे आले होते. पुढच्या दोन सीझनमध्ये माझ्या ९ जोड्या गेल्या. बाकीच्या खरेदीच्या निम्म्या भावात काढल्या. त्या व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. दुरुस्तीचं टेबल चालू असतं तर मला आपोआप कळलं असतं की जड पॅड कोणी दुरुस्तही करून घेत नाहीये. सरळ टाकून देतायत.

टेबल परत खाली आणलं. आणि पहिल्याच महिन्यात काय दिसलं? अकॅडमीतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या आया पॅड घेऊन यायच्या. दुरुस्तीला नाही, पट्टा कापून द्या म्हणून! बारीक पोरांच्या पोटरीला पट्टा मोठा व्हायचा. उरलेलं टोक पळताना पायात यायचं, पोरं पडायची. काही आयांनी टोकाला गाठ मारलेली, काहींनी रबरबँड लावलेला. महिन्यात ११ जणी आल्या.

दादांनी उपाय काढला. मुलांच्या पॅडचा पट्टा पोटरीला मापून तिथल्या तिथे कमी करून द्यायचा, वेल्क्रो पुढे सरकवून शिवायचं. पॅड घेतला तर फुकट. त्या सीझनला मुलांचे पॅड आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट गेले. ४० रुपयांचं काम होतं ना ते? माझ्या कुठल्याच एक्सेल शीटमध्ये त्याची खरी किंमत दिसत नव्हती.

सवयीची तक्रार सगळ्यात महाग

आता पुन्हा कॅनडाला जाऊ. कारण गोष्ट केनेस्कीपाशी संपत नाही. संपवली तर ती नुसती मोटिव्हेशनल होईल.

केनेस्कीच्या पद्धतीचा पॅड साधारण साठ वर्षं चालला. पण त्यात एक मोठा दोष होता. तो पाणी प्यायचा. खेळ बर्फावर. बर्फ वितळतो, घाम येतो, चामडं आणि आतलं भरण दोन्ही ते शोषून घेतात. सामना तीन भागांत असतो. तिसरा भाग येईपर्यंत पॅड भिजून जड व्हायचे. म्हणजे गोलकीपर सगळ्यात जास्त दमलेला असतो तेव्हाच पायावर सगळ्यात जास्त ओझं!

हे कोणाला माहीत नव्हतं का? प्रत्येक गोलकीपरला माहीत होतं. पण सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की पॅड म्हटलं की भिजणारच. जी तक्रार करणंच लोकांनी सोडून दिलेलं असतं, ती शोधायला सगळ्यात अवघड.

१९८० च्या दशकाच्या मध्यानंतर जिम लोसन यांनी एरोफ्लेक्स नावाचे पॅड आणले. आत हरणाचे केस नाहीत, फोम. एनएचएलमध्ये रेजी लेमेलिन या गोलकीपरने ते वापरले. दिसायला विचित्र, नेहमीच्या तपकिरी चामडी पॅडसारखे अजिबात नाहीत. पण हलके, आणि पाणी न पिणारे. हळूहळू सगळेच फोमकडे आणि कृत्रिम चामड्याकडे वळले. आपल्या मैदानी हॉकीतही गोलकीपरचे जुने जड पॅड जाऊन फोमचे आलेले तुम्ही पाहिलेच असतील.

हाताने भरण भरणाऱ्या कारागिरांची कला खोटी होती का? नाही. पण साठ वर्षं त्यांनी फाटलेलं शिवून दिलं आणि भिजलेलं तसंच परत दिलं. दुरुस्तीच्या टेबलावर बसणं पुरेसं नाही हे मला इथून कळलं. "हे असंच असतं" हे वाक्य तुमच्या स्वतःच्या तोंडून निघालं की सावध व्हा. तिथेच कोणीतरी दुसरा येऊन बसणार असतो.

गिऱ्हाईक उभं आहे की गुडघ्यावर?

तिसरा मोठा बदल मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो कारखान्यातून आला नाही, खेळण्याच्या पद्धतीतून आला.

पूर्वी गोलकीपर शक्यतो उभा राहून खेळायचा. मग ग्लेन हॉल, टोनी एस्पोझिटो आणि पुढे पॅट्रिक रॉय यांच्यामुळे दुसरी पद्धत रुजली: गुडघ्यावर बसायचं आणि दोन्ही पाय बाजूला फाकवायचे. फुलपाखराने पंख पसरावेत तसं. म्हणून नावच बटरफ्लाय.

आता उभ्या माणसाचा पॅड पायाला घट्ट बांधलेला चालतो. गुडघ्यावर बसणाऱ्याचा नाही चालत. बसल्यावर पॅड पायाभोवती फिरला पाहिजे, म्हणजे त्याचा पुढचा भाग समोरच्याकडे तोंड करून बर्फावर आडव्या भिंतीसारखा उभा राहील. म्हणून पट्टे सैल झाले. चामड्याच्या बक्कलांच्या जागी लवचीक पट्टे आणि वेल्क्रो आले. गुडघा टेकतो तिथे आतून जाड गादी आली. आतली कड बर्फावर सहज घसरेल अशी झाली. जो पॅड पायाचं रक्षण करायचा, तो आता पक अडवून हवा तिकडे परतवायचं हत्यार झाला.

तुमच्या धंद्यात हा प्रश्न विचारा: माझा माल गिऱ्हाईक वापरताना कसं बसतं, कुठे ठेवतं, कधी काढतं? टिफिनचा व्यवसाय करताय? डबा टेबलावर उघडला जातो की बाईकच्या सीटवर? पिशव्या शिवताय? खांद्यावर जाते की स्कूटीच्या हुकला लटकते? हुकला लटकत असेल तर बंद कुठे मजबूत हवा, ते बदललं ना!

मोठं करत जाणं म्हणजे सुधारणा नव्हे

एक धोक्याची गोष्ट पण सांगते. रुंद पॅडने गोल झाकला जातो, मग अजून रुंद करा, अशी शर्यत सुरू झाली की लीग कात्री घेऊन येते. १९२७ मध्येच एनएचएलने रुंदी १२ इंचांवरून १० इंचांवर आणली. पुढे १२ इंचांची परवानगी मिळाली. २००५ मध्ये पुन्हा ११ इंच झाली आणि लांबीवर ३८ इंचांची मर्यादा होती. २०१३ मध्ये गुडघ्याच्या वरची उंचीही कमी केली.

ज्याचा सगळा धंदा 'आमचा पॅड सगळ्यात मोठा' यावर उभा असेल, त्याला एका परिपत्रकाने घरी बसवलं असतं. 'आमचा पॅड हलका, लवकर फिरणारा, तुमच्या मापाचा' म्हणणाऱ्याला कोणत्याही नियमाने धक्का लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा नुसत्या कॅरीबॅगवर अवलंबून असलेल्यांचं काय झालं, आठवतंय ना? नियमाच्या फटीत दुकान थाटू नका.

मग छोट्याने टिकायचं कसं?

आता तुमचा प्रश्न येणार, मला माहितीये. "मॅडम, हे सगळं ठीक, पण शेवटी मोठी कंपनी येतेच ना?"

येते. आज बॉअर आणि सीसीएम या मोठ्या कंपन्या आहेत. २०१४ च्या सुमारास बॉअरने हेन्रिक लुंडक्विस्टसोबत नवा पॅड दाखवला, शिवलेल्या कृत्रिम चामड्याच्या जागी कॉम्पोझिट मटेरियल आणि वजनात मोठी घट. असं संशोधन तुमच्या-माझ्या खिशाला परवडणारं नाही. वरच्या दर्जाची एक जोडी आज दीड हजार डॉलरच्या वर जाते.

पण त्याच बाजारात ब्रायन्स आणि वॉन यांच्यासारखे त्यामानाने छोटे, फक्त गोलकीपरचंच सामान करणारे उत्पादक टिकून आहेत. कारण गोलकीपर हे विचित्र गिऱ्हाईक आहे. प्रत्येकाला वेगळं माप, वेगळी लवचीकता, वेगळे पट्टे. माप घेऊन, ऐकून घेऊन बनवणाऱ्याची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेपही खरा आहे: दुरुस्तीत पैसा नाही. मान्य! नुसत्या दुरुस्तीवर घर चालणार नाही. म्हणून आमचं टेबल सकाळी ११ ते १ एवढंच चालतं. त्या दोन तासांकडे मी उत्पन्न म्हणून बघत नाही. गिऱ्हाईकाच्या अडचणी ऐकायचा तो माझा वेळ आहे. आणि त्यातही प्रत्येक तक्रार म्हणजे धंदा नाही. निम्म्या तक्रारी "महाग आहे हो" एवढ्याच असतात. मी तीन चाळण्या लावते:

१. एकमेकांना न ओळखणाऱ्या किमान पाच जणांनी तीच गोष्ट सांगितली का?
२. गिऱ्हाईकाने स्वतः काही जुगाड केलाय का? गाठ, रबरबँड, सेलोटेप? जुगाड दिसला की समजायचं, अडचण खरी आहे.
३. उपाय माझ्या हातातल्या कलेने आणि आत्ताच्या मशीनवर होतो का, की नवीन कर्ज लागतं?

तिन्हीला हो आलं, तरच खिशात हात घालायचा.

त्या मुलाचं काय झालं?

मी त्याला सांगितलं, तीन महिने थांब. फ्रँचायझी कुठे पळून जात नाही. रोज वडिलांच्या शेजारी बस आणि वहीत लिही: काय आलं, कुठे फाटलं, कशामुळे फाटलं, गिऱ्हाईकाने आधी काय जुगाड केला होता.

तो नाराज होऊन गेला. दीड महिन्याने वही घेऊन आला. ३४ नोंदी. त्यातल्या ९ डिलिव्हरीवाल्या मुलांच्या गाड्यांच्या. सीट मागच्या बाजूलाच फाटतं, कारण पार्सलची मोठी बॅग तिथे रोज घासते. दोघांनी तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला होता. म्हणजे जुगाड! वडिलांना हे कधीपासून माहीत होतं. त्यांनी आजवर किती सीटं शिवली असतील, पण "हे असंच फाटतं" म्हणून सोडून दिलं होतं. आता बापलेक मिळून मागच्या भागाला दुहेरी जाड रेक्झिनचं कव्हर करून बघतायत. पहिली सहा दिलीत.

चालेल का? मला माहीत नाही. सहा कव्हरांवर निकाल लागत नाही, आणि कदाचित तो शेवटी चहाचीच फ्रँचायझी घेईल. घेतली तरी हरकत नाही, पण आता तो घरातल्या पंचवीस वर्षांच्या कलेला भंगार समजून जाणार नाही. आठ लाखांच्या कर्जाआधी दोनशे रुपयांच्या रेक्झिनवर प्रयोग झाला, हे मला पुरेसं आहे.

या महिन्याचा गृहपाठ: एक वही घ्या, चार रकाने आखा: काय आलं, कुठे बिघडलं, कशामुळे, गिऱ्हाईकाचा जुगाड. तीस दिवस लिहा. ज्यांचं अजून दुकान नाही, त्यांनी ओळखीच्या शिंप्याकडे, चप्पलवाल्याकडे, मिक्सर रिपेअरवाल्याकडे रोज अर्धा तास बसा. आधी चहा पाजा, मग विचारा. पुढच्या महिन्यात वह्या घेऊन बॅचला या, आपण एकत्र चाळण्या लावू.

भेटू रविवारी, नवीन व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला सांभाळा, आणि दुरुस्तीचं टेबल माळ्यावर असेल तर आजच खाली काढा!